उत्तेजक औषधे आणि रक्तदाब: प्राणिप्रयोगांतून काय उलगडले, काय उरले

ॲम्फेटामिन, कोकेन, मेथिलफेनिडेट, एफेड्रिन, कॅफिन. यांतली काही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, काहींवर कायद्याने बंदी आहे आणि एक तर रोज सकाळी घरोघरी कपातून प्यायले जाते. ही सगळी उत्तेजक द्रव्ये झोप उडवतात, थकवा मागे ढकलतात आणि कमीअधिक प्रमाणात रक्तदाब वाढवतात. शेवटची गोष्ट प्रयोगशाळेत शंभराहून अधिक वर्षे तपासली जात आहे. कुत्रा, मांजर, ससा, उंदीर, मेंढी आणि माकड या सगळ्यांवर हे प्रयोग झाले आहेत.

एवढ्या काळानंतर ‘रक्तदाब वाढतो का?’ या प्रश्नावर फारसे दुमत उरलेले नाही. वाद आहेत ते पुढच्या तीन प्रश्नांवर. हा परिणाम मेंदूतून येतो की थेट रक्तवाहिन्यांच्या भिंतींजवळून? औषध रोज घेतले तर तो टिकतो का? आणि प्राण्यांमध्ये दिसलेले माणसाला किती लागू पडते? या प्रश्नांचा इतिहास, त्यांवरच्या प्रमुख भूमिका आणि अनिर्णित राहिलेले मुद्दे यांचा हा आढावा आहे.

मोजमापाची सुरुवात

रक्तदाब मोजण्याची कल्पनाच प्राणिप्रयोगातून जन्मली. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले. हे निरीक्षण १७३३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १८२८ मध्ये प्वाझय यांनी पाऱ्याचा दाबमापक वापरला आणि १८४७ मध्ये कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर दाबाचा आलेख उमटवणारे कायमोग्राफ हे यंत्र तयार केले. औषध टोचल्यावर दाब कधी चढला, कुठवर गेला आणि केव्हा उतरला हे आता कागदावर राहू लागले. औषधांच्या तुलनेचा पाया इथे पडला.

त्या पायावरचा पहिला मोठा शोध १८९५ चा आहे. लंडनमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी अधिवृक्क ग्रंथींचा अर्क प्राण्यांना टोचला तेव्हा रक्तदाब झपाट्याने आणि खूप वर गेला. त्या अर्कातून पुढे ॲड्रिनॅलिन वेगळे करण्यात आले. १९१० मध्ये जॉर्ज बार्जर आणि हेन्री डेल यांनी त्याच्याशी रासायनिक नाते असलेली अनेक अमाइन द्रव्ये मेंदूचे कार्य बंद केलेल्या मांजरांवर तपासली. रेणूची रचना थोडी बदलली की दाबावरचा परिणाम कसा बदलतो याचा तो पहिला पद्धतशीर अभ्यास होता. अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित झाल्यावर शरीरात जे घडते तेच ही द्रव्ये घडवतात, असे त्यांनी दाखवले. आजही या औषधांचे वर्गीकरण याच सूत्रावर चालते.

डेल यांनी त्याआधी, १९०६ मध्ये, एक चकित करणारी नोंद केली होती. अर्गट या बुरशीपासूनचे द्रव्य आधी दिले तर ॲड्रिनॅलिनने दाब चढण्याऐवजी उतरत होता. एकच औषध दाब वाढवू शकते आणि कमीही करू शकते. प्राण्याच्या शरीराची त्या क्षणाची अवस्था कोणती यावर ते ठरते. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असल्याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा या निरीक्षणाचा उलगडा झाला. अल्फा ग्राहींमुळे रक्तवाहिन्या आवळतात. बीटा ग्राहींमुळे हृदय जोराने चालते आणि काही रक्तवाहिन्या सैलावतात. अल्फाचा मार्ग बंद केला की उरतो तो बीटाचा परिणाम.

एफेड्रिन आणि ॲम्फेटामिन

ॲड्रिनॅलिनची अडचण अशी की ते तोंडाने घेतल्यास निरुपयोगी ठरते आणि टोचले तरी परिणाम काही मिनिटांत ओसरतो. चीनमध्ये माहुआंग या वनस्पतीचा औषधी उपयोग फार जुना. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे केले होते. बीजिंगमधील पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी १९२४ मध्ये कुत्र्यांवर दाखवून दिले की एफेड्रिनने चढलेला दाब ॲड्रिनॅलिनपेक्षा पुष्कळ जास्त वेळ टिकतो आणि ते तोंडाने दिले तरी काम करते. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात उगवणाऱ्या एफेड्राच्या जातींवर काम केले.

एफेड्रिनच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. तीच मात्रा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दिली की प्रत्येक वेळी दाब कमी चढतो आणि शेवटी जवळजवळ चढतच नाही. ॲड्रिनॅलिनच्या बाबतीत असे होत नव्हते. हा फरक का, याचे उत्तर मिळायला तीन दशके लागली.

दरम्यान एफेड्रिनला स्वस्त पर्याय शोधताना कॅलिफोर्नियात गॉर्डन ॲलेस यांनी १९२७ च्या सुमारास ॲम्फेटामिन नव्याने तयार केले. हा रेणू लाझार एदेलेयानू यांनी १८८७ मध्येच बनवला होता, पण त्याचा औषधी गुण कोणी तपासला नव्हता. ॲम्फेटामिनकडे आधी पाहिले गेले ते दाब वाढवणारे आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध म्हणून. मेंदूवरील परिणामामुळे त्याचा बोलबाला नंतर झाला. या औषधांच्या इतिहासात रक्तदाब हा मुख्य परिणाम होता आणि जागेपणा हा दुय्यम, ही बाब आज सहज विसरली जाते.

थेट की अप्रत्यक्ष?

१९२७ मध्येच टेंटर आणि चँग यांनी कोकेनविषयी एक कोडे पुढे आणले. कोकेन आधी दिले तर ॲड्रिनॅलिनचा दाबावरचा परिणाम वाढतो, हे आधीपासून माहीत होते. पण टायरामिन या जवळच्या द्रव्याचा परिणाम मात्र कोकेनमुळे दबतो, असे त्यांना आढळले. ही दोन्ही द्रव्ये एकाच ठिकाणी काम करत असती तर असे व्हायला नको होते.

कोडे सुटण्याची वाट भारतातल्या एका वनस्पतीवरून गेली. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर उपयोग होतो हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधील लेखातून जगापुढे मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. रिसर्पिनमुळे चेतातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिकामा होतो, हे १९५६ च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. ऑक्सफर्डमध्ये जोशुआ बर्न आणि मायकेल रँड यांनी या गुणाचा नेमका उपयोग केला. त्यांच्या १९५८ च्या प्रयोगांत रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांमध्ये टायरामिन, एफेड्रिन आणि ॲम्फेटामिन यांचा दाब चढवण्याचा गुण जवळजवळ नाहीसा झाला. नॉरॲड्रिनॅलिन शिरेतून देऊन साठा थोडा भरला की तो परतला. म्हणजे ही औषधे स्वतः रक्तवाहिन्या आवळत नव्हती. शरीराचेच नॉरॲड्रिनॅलिन बाहेर काढून ती काम करत होती.

चेतातंतूचे टोक ही कणगी मानली तर चित्र सोपे होते. ॲम्फेटामिन आणि टायरामिन कणगीत शिरून आतले धान्य बाहेर लोटतात. कोकेन आणि मेथिलफेनिडेट आत काही लोटत नाहीत; बाहेर सांडलेले धान्य ज्या दाराने पुन्हा आत भरले जाते ते दार अडवतात. ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या गटाने १९६० च्या सुमारास किरणोत्सारी खूण केलेले नॉरॲड्रिनॅलिन मांजरांना देऊन दाखवले की कोकेनमुळे ते चेतातंतूंत परत शोषले जात नाही. टेंटर आणि चँग यांचे कोडे इथे सुटले. टायरामिनलाही आत शिरायला तेच दार लागते, म्हणून कोकेन त्याचा परिणाम दाबते. एफेड्रिनचा परिणाम प्रत्येक मात्रेगणिक का घटतो याचेही बरेचसे उत्तर यात आहे: हाताशी असलेला साठा संपत जातो.

अप्रत्यक्ष क्रियेच्या या सिद्धान्ताने एका वैद्यकीय संकटाचाही उलगडा केला. नैराश्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना मुरवलेले चीज खाल्ल्यावर तीव्र डोकेदुखी होऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढत असे. लंडनमधील बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये हा संबंध मांडला आणि उंदीर व मांजरांवरील प्रयोगांतून तो तपासला गेला. चीजमधले टायरामिन एरवी आतडे आणि यकृतातच नष्ट होते. तो मार्ग औषधाने बंद केला की ते रक्तात पोहोचते. प्राणिप्रयोग आणि रुग्णाचा अनुभव एकमेकांशी इतके नेमके जुळल्याची उदाहरणे थोडी आहेत.

या सिद्धान्ताला अलीकडे एक पुरवणी सुचवली गेली आहे. टायरामिन आणि ॲम्फेटामिन यांना ओळखणारा टीएएआर-१ हा वेगळा ग्राही २००१ मध्ये सापडला. नॉरॲड्रिनॅलिनचा मार्ग बंद केल्यावरही ही द्रव्ये वेगळ्या काढलेल्या काही रक्तवाहिन्यांना आवळतात, असे कार्डिफचे केनेथ ब्रॉडली आणि इतरांनी दाखवले आहे. त्यांच्या मते अप्रत्यक्ष क्रिया ही गोष्टीची एक बाजू आहे. जिवंत प्राण्याच्या रक्तदाबात या दुसऱ्या मार्गाचा वाटा किती, हे अजून ठरलेले नाही.

मेंदू की परीघ?

सगळ्यात लांबलेला वाद कोकेनविषयी आहे. एका बाजूची मांडणी अशी: कोकेन परिघात, म्हणजे रक्तवाहिन्यांजवळच्या चेतातंतूंमध्ये, नॉरॲड्रिनॅलिनचे पुनःशोषण थांबवते आणि दाब वाढायला तेवढे पुरे आहे. मेंदूत शिरू न शकणारे कोकेनचे रूप दिले तरी दाब चढतो, हा या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

दुसरी बाजू सांगते की मेंदूशिवाय हे चित्र पुरे होत नाही. शुद्धीवर असलेल्या उंदराला शिरेतून कोकेन दिले की आधी दाबाची तीव्र पण अल्पकाळाची उसळी दिसते आणि नंतर कमी उंचीची, अधिक टिकणारी वाढ. पुनःशोषण थांबवणारी इतर औषधे ती सुरुवातीची उसळी तशीच दाखवत नाहीत. चेतागुच्छांमधून जाणारे संदेश रोखले की प्रतिसाद बदलतो. म्हणून मेंदूकडून येणाऱ्या अनुकंपी संदेशांचा त्यात वाटा असला पाहिजे, असे हे संशोधक मानतात.

वाद मिटत नाही याचे एक कारण असे की मेंदूतला परिणाम एकाच दिशेचा नसतो. मेंदूच्या देठात नॉरॲड्रिनॅलिन वाढले की अल्फा-२ ग्राहींमार्फत अनुकंपी संदेश उलट घटतात. क्लोनिडीन हे रक्तदाब उतरवणारे औषध याच मार्गाने काम करते. पुनःशोषण थांबवणारे औषध मेंदूत दाब उतरवण्याच्या आणि परिघात तो चढवण्याच्या बाजूने एकाच वेळी झुकते, आणि आपण मोजतो ती त्यांची बेरीज. शिवाय दाब चढला की धमन्यांतले दाबग्राही मेंदूला कळवतात आणि हृदयाची गती उतरते. अनुकंपी संदेश घटलेले दिसले, तर ती औषधाची थेट क्रिया की चढलेल्या दाबाची प्रतिक्रिया, हे वेगळे काढणे कठीण जाते.

सेंट लुईसचे मार्क न्युफर आणि सहकाऱ्यांनी या वादात वैयक्तिक फरकाचा मुद्दा आणला. सारखी मात्रा मिळालेल्या उंदरांमध्ये दाब जवळपास सारखाच चढतो, पण काहींमध्ये हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटते आणि रक्तवाहिन्या खूप आवळतात, तर काहींमध्ये ते प्रमाण टिकते किंवा वाढते. दाबाचा एकच आकडा दोन वेगळ्या घडामोडी झाकू शकतो. या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा इशारा आहे असे मला वाटते, कारण सरासरी काढताना हा फरक पुसला जातो.

भूल, पट्टा आणि टेलिमेट्री

जुने बहुतेक प्रयोग भूल दिलेल्या प्राण्यांवर झाले. भुलीची औषधे दाबग्राहींची प्रतिक्रिया मंदावतात, अनुकंपी संदेश बदलतात आणि हृदयावरही परिणाम करतात. भुलीखाली कोकेनने चढलेला दाब पुढे नेहमीच्या पातळीखाली घसरलेला दिसू शकतो. शुद्धीवरील प्राण्यात तो तसा घसरेलच असे नाही. जुने आणि नवे निष्कर्ष जुळत नाहीत, त्यातला बराच भाग इथून येतो.

शुद्धीवरील प्राण्यातही पद्धत महत्त्वाची ठरते. उंदराच्या शेपटीला पट्टा बांधून दाब मोजताना त्याला नळकांड्यात कोंडावे लागते आणि बहुधा शेपूट गरम करावी लागते. या ताणानेच दाब आणि नाडी वाढते. अनुकंपी चेतासंस्था चेतवणाऱ्या औषधाचा अभ्यास, तीच संस्था आधीच चेतवलेल्या प्राण्यात करणे ही त्यातली मूळ अडचण. टेलिमेट्रीत शरीरात बसवलेला छोटा संवेदक दिवसरात्र आकडे पाठवतो आणि प्राणी आपल्या पिंजऱ्यात मोकळा राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००५ च्या शिफारशींनी दाबातील सूक्ष्म फरक किंवा चढउतार अभ्यासण्यासाठी हीच पद्धत योग्य मानली. पण ती महाग आहे आणि शस्त्रक्रिया मागते, म्हणून पट्ट्याची पद्धत अजून वापरात आहे. अनेक प्राण्यांची गटवार तपासणी करण्यासाठी ती पुरेशी आहे, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

एकदा आणि रोज

एका मात्रेचा परिणाम आणि रोजच्या सेवनाचा परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅफिन हे याचे ठळक उदाहरण. ते ॲडिनोसिनचे ग्राही अडवते आणि सवय नसलेल्या शरीरात दाब चढवते. १९७८ मध्ये डेव्हिड रॉबर्टसन यांच्या गटाने कॉफीची सवय नसलेल्या माणसांना २५० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तेव्हा वरचा दाब सुमारे १४ आणि खालचा सुमारे १० मिलिमीटर पाऱ्याने वाढला. रोज घेतल्यास काही दिवसांत हा परिणाम बराच ओसरतो. उंदरांतही सवय लागते. पण मूत्रपिंडाची धमनी अरुंद करून ज्यांच्यात उच्च रक्तदाब निर्माण केला आहे, अशा उंदरांत दीर्घकाळ दिलेल्या कॅफिनने तो अधिक बिघडल्याचे अभ्यास आहेत. निरोगी प्राण्यातली सवय आजारी प्राण्याला संरक्षण देतेच असे नाही.

ॲम्फेटामिन आणि कोकेन यांच्याबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. दाबावरचा परिणाम मात्रांगणिक घटू शकतो, तर वर्तनावरचा काही परिणाम उलट तीव्र होत जातो. दोन्ही परिणाम एकमेकांपासून सुटे असतात याचा पुरावा रिसर्पिनच्या प्रयोगांतही होता: ॲम्फेटामिनचा दाबावरचा परिणाम त्याने जातो, पण वर्तनावरचा उत्तेजक परिणाम बराचसा टिकतो. त्यामुळे प्राणी किती अस्वस्थ दिसतो यावरून त्याच्या दाबाचा अंदाज बांधता येत नाही.

प्राण्याच्या निवडीचा प्रश्नही इथेच येतो. क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये आपोआप रक्तदाब वाढणाऱ्या उंदरांचा वंश जाहीर केला. त्याच वंशाचा उंदीर पुढे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचा नमुना म्हणूनही वापरला जाऊ लागला. मेथिलफेनिडेटच्या अभ्यासात म्हणून एकाच प्राण्यात विकार आणि रक्तदाब दोन्ही एकत्र येतात. समर्थक सांगतात की दाब चढण्याआधीच्या कोवळ्या वयात प्रयोग केले तर अडचण टळते. टीकाकारांचे म्हणणे असे की तुलनेसाठी घेतला जाणारा विस्टार-क्योतो वंश सगळीकडे एकसारखा नाही आणि चंचलता व रक्तदाब यांची कारणे कुठे गुंतली आहेत हे स्पष्ट नाही.

प्राण्यापासून माणसापर्यंत

उंदराच्या शरीरातून ॲम्फेटामिन साधारण तासाभरात निम्मे होते. माणसाला त्याला दहा तासांच्या आसपास लागतात. उंदीर ते मुख्यतः ज्या रूपात बदलतो, ते रूप स्वतःही अनुकंपी संस्थेवर काम करते. उंदराची नाडी मिनिटाला तीनशेहून जास्त पडते. शिवाय प्रयोगात औषध बहुधा टोचून आणि मोठ्या मात्रेत दिले जाते, तर मुलाला मेथिलफेनिडेट तोंडाने आणि थोडे दिले जाते. रुग्णांमधील अभ्यासांत या औषधांनी दाबाची सरासरी वाढ काही मिलिमीटर एवढीच दिसते. मुले आणि तरुणांच्या २०११ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात गंभीर हृदयविकाराचा धोका वाढल्याचे आढळले नाही. मात्र सरासरी लहान असली तरी आधीच हृदयविकार असलेल्या व्यक्तीत काय होईल, हा प्रश्न तिने सुटत नाही.

दुसऱ्या टोकाला प्राणिप्रयोगांनी दिलेले काही इशारे सरळ लागू पडतात. गाभण मेंढ्यांवरील १९८७ च्या प्रयोगात कोकेनने आईचा दाब चढला, गर्भाशयाकडे जाणारे रक्त घटले आणि गर्भाला प्राणवायू कमी मिळाला. आईचा चढता दाब गर्भाच्या टंचाईसोबत येतो, हे गर्भवती स्त्रीवर प्रयोग करून कधीच शोधता आले नसते.

काय सुटलेले नाही

चार प्रश्न ठळकपणे उरतात. कोकेनच्या परिणामात मेंदू आणि परीघ यांचे नेमके प्रमाण किती. टीएएआर-१ चा जिवंत शरीरातला वाटा किती. वर्षानुवर्षे दिलेल्या छोट्या मात्रांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रचनेत कायमचा बदल होतो का. बहुतेक प्रयोग दिवसांचे किंवा आठवड्यांचे आहेत. आणि कोकेनच्या विषबाधेत बीटा ग्राही अडवणारी औषधे द्यावीत का. एका मतानुसार त्यामुळे अल्फा ग्राहींना मोकळे रान मिळून दाब आणखी चढतो. दुसऱ्या मतानुसार रुग्णांतला पुरावा इतका एकमुखी नाही. नर प्राण्यांवर जास्त भर आणि मादींवर कमी, ही उणीव या चारही प्रश्नांना व्यापून आहे.

भारतातल्या वैद्यकीय आणि औषधनिर्माण महाविद्यालयांत कुत्र्याच्या रक्तदाबावर ॲड्रिनॅलिनचा परिणाम दाखवणे हे अनेक पिढ्यांचे प्रात्यक्षिक होते. आता त्याची जागा बहुतांशी संगणकीय प्रतिकृतींनी घेतली आहे. माहीत असलेले पुन्हा दाखवण्यासाठी प्राणी खर्ची घालू नये, हा बदल योग्यच आहे. संशोधनालाही तीच कसोटी लागते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना घटवणे ही तीन तत्त्वे मांडली. इथे नीतीची आणि विज्ञानाची गरज एकाच दिशेला जाते: घाबरलेल्या, कोंडलेल्या प्राण्याचा आकडा जितका क्रूर, तितकाच अविश्वसनीय असतो.

या शतकभराच्या कामातून हाती आलेले ज्ञान मोठे आहे. त्याने औषधांची क्रिया समजली, धोके कळले आणि ग्राहींचा सिद्धान्त पक्का झाला. पुढच्या अभ्यासांकडून अपेक्षा एवढीच, की दाब किती चढला या आकड्याबरोबर प्राणी कोणता, नर की मादी, भुलीत की शुद्धीवर, मात्रा किती आणि कोणत्या मार्गाने, पहिली की शंभरावी, हेही दर वेळी सांगितले जावे. जुन्या वादांपैकी निम्मे या तपशिलांच्या अभावातून उभे राहिले. उरलेले निम्मे खरे प्रश्न आहेत आणि त्यांना नवे, अधिक काळजीपूर्वक केलेले प्रयोग हवे आहेत.